हरवलेल्या नऊशे तबकड्या आणि तीन बहिणी

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज एक शोधकथा सांगणार आहे. त्यात दरोडा नाही, पोलीस तपास नाही. शोध आहे तो गाण्याच्या तबकड्यांचा. पण तबकडी शोधता शोधता शेवटी हाती काय लागतं, ते ऐकण्यासारखं आहे.

ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना लग्नातला लाउडस्पीकर आठवत असेल. मांडवाच्या कोपऱ्यात पेटी उघडून एक माणूस बसायचा. काळी तबकडी गरगर फिरायची, तिच्यावर अलगद सुई टेकली की झाडावर बांधलेल्या कर्ण्यातून गाणं गावभर जायचं. आपण तिला रेकॉर्ड म्हणायचो. पोरं भोवती गोळा व्हायची आणि हात लावला की ओरडा खायची, कारण एक चरा पडला की गाणं तिथेच अडकायचं.

अशा जुन्या रेकॉर्डी जमवण्याचा छंद जगभर आहे. त्यासाठी माणसं बाजार पालथे घालतात, भंगारवाल्यांकडे चकरा मारतात, लाखभर रुपयेही मोजतात. या छंदावर इंग्लंडच्या अँड्र्यू कार्टमेल या लेखकाने रहस्यकथांची एक मालिकाच लिहिली आहे. पहिलं पुस्तक २०१६ साली आलं. त्यातला गुप्तहेर पैसे घेऊन लोकांना हव्या त्या दुर्मीळ रेकॉर्डी शोधून देतो. २०१७ साली आलेल्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव ‘द रन-आउट ग्रूव्ह’. १९६०च्या दशकातला एक गाजलेला रॉक बँड, त्यातली मुख्य गायिका, तिचा गूढ मृत्यू आणि तिचं हरवलेलं मूल, असा त्याचा विषय. रॉक बँड म्हणजे विजेवर वाजणारी गिटार आणि ड्रम घेऊन गाणारा ताफा. बँडपासून सुरू झालेला शोध त्या हरवलेल्या मुलापर्यंत जातो. शेवट सांगत नाही, पुस्तकाची मजा जाईल.

पण एका तबकडीत रहस्य मावतं कसं? त्यासाठी ती बनते कशी ते आधी बघू.

रेकॉर्ड हातात घेतली की तिच्यावर गोल गोल रेघा दिसतात. खरं तर त्या अनेक रेघा नसतात. बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत गेलेली ती एकच लांब खाच असते, उदबत्तीच्या कॉइलसारखी. गाताना आवाजाने हवा थरथरते. तो थरथराट यंत्राने त्या खाचेत कोरलेला असतो. सुई खाचेतून फिरते, तशीच थरथरते आणि आवाज परत जिवंत होतो. आधी एक मूळ तबकडी कोरतात, तिच्यावरून धातूचे साचे करतात आणि दोन साच्यांमध्ये गरम प्लॅस्टिकचा गोळा ठेवून दाबतात. पुऱ्या दाबायचं यंत्र आठवा, जवळजवळ तसंच. हे प्लॅस्टिक म्हणजे व्हायनिल. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डींमध्ये लाख असायची. पळस, बोर, कुसुमाच्या झाडावर किडे जी लाख तयार करतात तीच. म्हणून त्या रेकॉर्डी हातातून पडल्या की लाखेच्या बांगडीसारख्या फुटायच्या.

आता मुख्य गोष्ट. गाणं संपतं तिथपासून मधल्या कागदी चकतीपर्यंत थोडी मोकळी जागा उरते. गाण्याची खाच तिथे नसते. पण त्या मोकळ्या पट्टीवर साचा बनवणाऱ्याने बारीक अक्षरात क्रमांक कोरलेला असतो, कधी स्वतःची खूणही. रेकॉर्ड जमवणारे भिंग घेऊन आधी तिथे बघतात. ही पहिल्या छपाईची की नंतरची, कोणत्या साच्यातली, हे त्यावरून कळतं. कार्टमेल यांच्या पहिल्या पुस्तकाच्या नावातही हीच मोकळी पट्टी आहे. ज्या जागी कुणाचं लक्ष जात नाही, तिथे खरी नोंद असते. एवढं ध्यानात ठेवा, शेवटी आपल्याला लागणार आहे.

आता कादंबरी बाजूला ठेवू आणि एक खरी घडलेली गोष्ट ऐकू.

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशर नावाचं राज्य आहे. तिथल्या फ्रीमाँट या लहानशा गावात ऑस्टिन विगिन नावाचा गिरणी कामगार राहायचा. बायको, मुलगे, मुली असं भरलेलं घर. ऑस्टिन लहान असताना त्याच्या आईने त्याचा हात बघून तीन गोष्टी सांगितल्या होत्या. तुझी बायको तांबूस सोनेरी केसांची असेल. तुला दोन मुलगे होतील, पण ते बघायला मी नसेन. आणि तुझ्या मुली गाण्याचा ताफा काढून नाव कमावतील. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या झाल्या. मग तिसरी का होणार नाही, असं ऑस्टिनच्या मनाने घेतलं.

मुलींनी काही गाण्याचा हट्ट धरला नव्हता. पण वडिलांनी डॉट, बेट्टी आणि हेलन या तिघींना शाळेतून काढलं. अभ्यास टपालाने. गिटार आणली, ड्रम आणले. गिरणी कामगाराच्या पगारातून हे सगळं आणि शिकवणीही. वडील कामावर गेले की मुलींनी दिवसा सराव करायचा, संध्याकाळी ते आले की त्यांच्यासमोर पुन्हा, आणि झोपायच्या आधी अंगाला व्यायाम म्हणून कवायत. मित्रमैत्रिणी नाहीत, कुठे नाचगाण्याला जाणं नाही. ताफ्याचं नावही वडिलांनीच ठेवलं, ‘द शॅग्ज’. त्या वेळी झिपऱ्या केसांची फॅशन होती, त्यावरून. आपल्याकडे ‘झिपऱ्या’ म्हणू तसं.

१९६८ पासून दर शनिवारी रात्री गावाच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होऊ लागला. गावातली पोरं यायची, हसायची, टोमणे मारायची, डबे फेकून मारायची. जवळच्या वृद्धाश्रमातही त्या वाजवायच्या.

९ मार्च १९६९ या दिवशी वडील मुलींना गाडीत घालून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रिव्हिअर गावी ध्वनिमुद्रणासाठी घेऊन गेले. मुलींची अजून पुरती तयारी झालेली नाही, हे त्यांना सुचवून पाहिलं गेलं. वडिलांनी ऐकलं नाही. बारा गाणी झाली. बहुतेक सगळी डॉटने लिहिलेली. अल्बमचं नाव ‘फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड’, म्हणजे जगाचं तत्त्वज्ञान. त्या नावाच्या गाण्यात डॉट म्हणते की माणसाचं कशानेच समाधान होत नाही, जे आपल्याकडे नाही तेच हवंसं वाटतं. आणखी एक गाणं ‘फूट फूट’ नावाच्या लाडक्या मांजराबद्दल आहे. मांजर हरवलंय आणि ती ते शोधत फिरतेय. एक गाणं आईवडिलांवर आहे. आईबाप म्हणजे कोण, तर आपली काळजी करणारे, असा त्याचा सूर.

गाणी कशी होती? भजनात टाळ एकीकडे, मृदंग तिसरीकडे आणि बुवा आपल्याच नादात गेले तर कसं वाटेल? तसं. गिटार नीट सुरात लावलेली नाही. हेलनचा ड्रम आपल्याच ठेक्यावर. पण कान देऊन ऐकलं तर कळतं की मुली मनाला येईल तसं वाजवत नाहीत. डॉटच्या गळ्यातला सूर आणि गिटारचा सूर अक्षर-अक्षर बरोबर चालतात. सगळं पाठ केलेलं आहे, घोटून घोटून केलेलं आहे. फक्त ते दुसऱ्या कुणासारखं नाही.

रेकॉर्डी हजार निघायच्या होत्या. शंभरच घरी आल्या. उरलेल्या नऊशेंचं काय झालं? बरीच वर्षं सांगितली गेलेली हकीकत अशी, की ज्याने काम घेतलं तो पैसे आणि माल दोन्ही घेऊन पसार झाला. हे या गोष्टीतलं कोडं. रेकॉर्ड जमवणारे पुढे अनेक वर्षं याच नऊशेंच्या नावाने झुरत राहिले.

त्या शंभरातल्या काही इकडे तिकडे वाटल्या गेल्या. नाव काही झालं नाही. १९७३ मध्ये शनिवारचे कार्यक्रमही बंद पडले. वडिलांनी हार मानली नव्हती. १९७५ मध्ये त्यांनी मुलींना पुन्हा ध्वनिमुद्रणाला नेलं. पण त्याच वर्षी हृदयविकाराने ते गेले.

आणि मैत्रिणींनो, वडील गेले तसा बँड संपला. तिघींनी वाद्यं खाली ठेवली. कुणी म्हटलं नाही की आपण वर्षभर तरी चालवू, बघू. मुलींच्या मनात काय होतं, हे यापेक्षा स्पष्ट कसं कळणार?

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण शंभरातली एक तबकडी बॉस्टनच्या एका रेडिओ केंद्रावर पोचली होती. हो, रेडिओच. तिथे ती ‘एन आर बी क्यू’ नावाच्या बँडमधल्या वादकांच्या कानावर पडली आणि ते चकित झाले. असं काही त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी खटपट करून बहिणींना गाठलं आणि १९८० मध्ये तो अल्बम नव्याने बाजारात आणला. वर्तमानपत्रांत, मासिकांत लिहून आलं. कुणी म्हणालं, जगातली सर्वांत वाईट रेकॉर्ड. कुणी म्हणालं, इतकं निर्मळ, इतकं कुणाची नक्कल न करणारं दुसरं काही नाही. ‘निर्व्हाना’ या जगप्रसिद्ध बँडच्या कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या पन्नास अल्बमांची यादी केली, त्यात ही रेकॉर्ड घातली. १९६९ची मूळ प्रत हजारो डॉलरना जाऊ लागली. २०११ मध्ये न्यूयॉर्कला या बहिणींच्या आयुष्यावर संगीत नाटकही झालं.

म्हणजे आजीचं भविष्य खरं झालं म्हणायचं का? मुलींचं नाव तर झालं.

थांबा. रेकॉर्ड शोधणारे खूप होते. ती चांगली की वाईट यावर वाद घालणारेही खूप. पण त्या मुलींना हे सगळं हवं होतं का, हा प्रश्न मागेच राहिला होता. अल्बमनंतर तीस वर्षांनी, १९९९ साली, सुझन ऑर्लीन नावाची लेखिका ‘न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकासाठी फ्रीमाँटला गेली आणि बहिणींशी बोलली. तेव्हा घरातली बाजू बाहेर आली. वडील सांगायचे आणि मुली करायच्या, एवढंच. हेलनने तर लग्न लपवून केलं होतं. वडिलांना सांगायचं धाडस नव्हतं म्हणून लग्नानंतरही ती तीन महिने माहेरीच राहिली. वडिलांना कळलं तेव्हा ते बंदूक घेऊन जावयाच्या मागे गेले. पोलीस मध्ये पडले आणि हेलन नवऱ्याबरोबर निघून गेली.

आता ते आईवडिलांवरचं गाणं पुन्हा आठवा. आईबाप म्हणजे आपली काळजी करणारे. मुलीने ते मनापासून लिहिलं असेल. बापही मनापासूनच वागत होता. तो दुष्ट होता असं मला म्हणायचं नाही. गिरणीत राबणारा माणूस, आपल्या मुली आपल्यापेक्षा वर जाव्यात असं त्याला वाटत होतं, आणि हातात होता तो सगळा पैसा त्याने त्यात घातला. हेही कबूल करायला हवं, की त्याने हट्ट धरला नसता तर डॉटची गाणी कोरलीच गेली नसती. एखादी गोष्ट मायेने केलेली असते आणि तिने गळाही आवळला जातो. आपल्या घरांत हे आपण पाहिलेलं आहे. दहावीनंतर मुलीला घरी बसवलं, तिच्या भल्यासाठी. डी.एड. करायला लावलं, तिच्या भल्यासाठी. लग्न ठरवलं, तेही भल्यासाठी. भलं कशात आहे ते तिला एकदा विचारायचं तेवढं राहून जातं.

म्हणून मला वाटतं, या शोधकथेत हरवलेल्या गोष्टी दोन होत्या. एक, नऊशे तबकड्या. त्यांचा शोध सगळ्यांनी घेतला. दुसरी, त्या तिघींची स्वतःची मर्जी. ती त्या मोकळ्या पट्टीवर लिहिलेली होती, जिकडे बघायला तीस वर्षं कुणाला सुचलं नाही.

हेलन २००६ मध्ये वारली. पण डॉटचं पुढे काय झालं ते ऐका. २०१३ मध्ये, साठी उलटल्यावर, तिने नव्या साथीदारांबरोबर स्वतःच्या नावाने अल्बम काढला. पूर्वी लिहिलेली पण कधी ध्वनिमुद्रित न झालेली तिची काही गाणी त्यात आली. आणि २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका महोत्सवात डॉट आणि बेट्टी पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. या वेळी घरातून कुणी ढकललं नव्हतं आणि समोरून डबे फेकणारंही कुणी नव्हतं. तीच गाणी, त्याच बहिणी. फरक एवढाच की या वेळी त्या आपण होऊन आल्या होत्या.

आता आपल्याकडचं थोडं बोलू. तुमच्या माळ्यावर जुन्या रेकॉर्डी असतील तर किलोच्या भावाने देऊ नका. एकावर एक रचून ठेवल्या की वाकतात, म्हणून पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. ऊन आणि चूल यांपासून लांब ठेवा. पकडताना कडेने आणि मधल्या कागदाला धरून पकडा, खाचांवर बोटं लावू नका. धूळ कोरड्या मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने गोल पुसा. मधल्या कागदाला पाणी लावू नका, त्यावरचं नाव गेलं की ओळख गेली.

पण सगळ्यांकडे रेकॉर्डी नसतील. फोन मात्र आहे, आणि त्यात आवाज कोरून ठेवता येतो. सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, आईची पाळण्याची गाणी, शेजारच्या मावशींची भोंडल्याची गाणी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव नोंदवलं. म्हणून पुढे कित्येक वर्षांनी लोक त्या ओव्या घेऊन गावात जाऊ शकले आणि गाणाऱ्या बायांना भेटू शकले. नाव नसतं तर ओवी उरली असती, बाई हरवली असती.

तेव्हा आवाज भरताना तीन गोष्टी करा. पहिली, आधी विचारा, "भरू का? लोकांना ऐकवू का?" नाही म्हटलं तर नाही. दुसरी, गाण्याच्या आधी तिचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. ‘अमक्याची आई’ नको, तिचं स्वतःचं नाव. तिसरी, भरून झालं की आधी तिलाच ऐकवा. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईचं तोंड बघण्यासारखं असतं.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत, हप्ते गोळा झाले की, दहा मिनिटं काढा. आपल्या मुलीसाठी आपण काय काय ठरवून ठेवलंय, ते एकेकीने सांगा. मग घरी जाऊन तिला विचारा, तुला काय करायचंय? उत्तर लगेच येणार नाही. कदाचित ती म्हणेल, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी परत विचारा. गाणं संपल्यावर सुई उचलायची घाई करू नका, त्या मोकळ्या पट्टीवर काय लिहिलंय ते बघायला जरा वेळ लागतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.